पडद्याशेजारी पान

एलईडी पडदा निवडायला माणसाला किती वेळ लागावा? मंगल कार्यालयवाल्याला अर्धा तास पुरतो. पुढाऱ्याच्या माणसाला तेवढाही लागत नाही. शेजारच्या तालुक्यातल्या पडद्यापेक्षा मोठा आहे ना, एवढंच तो विचारतो. आबांना पावणेदोन वर्षं लागली. तेवढ्या काळात जळगावहून त्यांच्या गावी, म्हणजे रावेरच्याही पलीकडे सातपुड्याच्या अंगाला, मी किती खेपा घातल्या ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. केळीच्या ट्रकांमागे गाडी रेटत जायचं, आबा म्हणतील तिथं उभं राहायचं, म्हणतील तिथं बसायचं आणि हात हलवत परत यायचं. आमचे शेठ म्हणायचे, तो म्हातारा काही घेत नाही, सोड नाद. परतताना मीही तेच म्हणायचो. पण आठ दिवसांनी आबांचा फोन यायचाच. त्यात नमस्कार नाही, कसा आहेस नाही. मागच्या खेपेला जे वाक्य अर्धवट राहिलं असेल, तिथून ते पुढं सुरू करायचे.

"आणि डाव्या कोपऱ्याचं काय?" असं एकदा सकाळी सात वाजता माझ्या कानावर आदळलं. मी तोंडात ब्रश घेऊन उभा होतो. बायको म्हणाली, कोण? मी म्हटलं, अजून कोण असणार.

आबा कृषी खात्यातून सहायक म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं शिंदखेड्यात गेली, त्यामुळे घरची रावेरकडची बोली आणि धुळ्याकडची अहिराणी यांची त्यांच्या तोंडात खिचडी झाली होती. अंगानं काटकुळे, डोक्यावर टोपी, खिशात पेन्सिल आणि जुन्या लग्नपत्रिका. टिपणं काढायची ती त्या पत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. माझ्या पडद्यांचा सगळा हिशोब कुणाकुणाच्या चिरंजीव-सौभाग्यकांक्षिणींच्या पाठीवर लिहिलेला आहे. दुसऱ्याकडचा चहा ते घेत नसत आणि स्वतःही कुणाला देत नसत. म्हणत, चहा घेतला की माणूस हो म्हणतो.

गावात केळीला काही झालं की लोक पान तोडून आबांकडे यायचे. आबा ते उजेडात धरायचे, उलटं करायचे, शिरेवरून बोट फिरवायचे आणि निकाल द्यायचे. त्या निकालावर अपील नव्हतं. केळीवर हरण्या नावाचा एक रोग येतो. कोवळ्या पानावर पिवळे पट्टे उमटतात, रोप खुरटतं आणि मावा तो रोग शेजारच्या रोपावर नेतो. त्याला औषध नाही. रोप मुळासकट काढून बागेबाहेर पुरायचं, तेही वेळेत. पण गंमत अशी, की जमिनीत जस्त कमी पडलं तरी पानावर तसेच पट्टे येतात, आणि तिथं नुसती फवारणी पुरते. एकात रोप काढायचं, दुसऱ्यात चुकूनही काढायचं नाही, आणि फरक काय, तर पिवळ्याची छटा आणि पट्ट्याचा काठ. पडदे विकता विकता हे मला शिकावं लागलं. माझ्या बापजाद्यांनी केळी फक्त खाल्ली होती.

गावच्या फळबाग मंडळानं नवं सभागृह बांधलं होतं. तिथं तज्ज्ञ येणार, पानांचे फोटो दाखवणार, आणि शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही हरण्या कोणता आणि जस्त कोणतं ते कळलं पाहिजे, यासाठी आबांना पडदा हवा होता. आपण गेल्यावर पान कोण पाहणार, ही त्यांची खरी काळजी. ती त्यांनी मला कधी सांगितली नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीनं सांगितली. सगळे तिला अक्का म्हणत. नवऱ्यामागे तीन एकर केळी ती एकटी सांभाळत होती.

पहिल्या खेपेला मी नमुन्याचा पडदा टेम्पोत घालून नेला आणि आम्ही सगळीकडे दाखवतो ती चित्रफीत लावली. पोपट, समुद्र, गुलाबाच्या पाकळीवरचा थेंब. हे पाहून भल्याभल्यांची तोंडं उघडी पडतात. आबांनी मिनिटभर पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या गावात समुद्र नाही. मले पान दाखव." माझ्याकडे केळीचं पान कुठून असणार? ती खेप तिथंच संपली.

दुसऱ्या खेपेला मी फोटो घेऊन गेलो, तर आबांनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खरं पान आणलं आणि ते पडद्याशेजारी धरून उभे राहिले. एकदा पानाकडे पाहायचे, एकदा पडद्याकडे. मग म्हणाले, हे पान आजारी आहे आणि तुझ्या पडद्यावर ते नवरदेव झालंय. मला राग आला. आमचा पडदा चमकदार म्हणून सगळे घेतात, आणि हा माणूस त्या चमकेलाच दोष देतोय!

त्यानंतर सुरू झालं चालणं. पडद्यावर दिव्यांचे बारीक दाणे असतात. दोन दाण्यांतलं अंतर जितके मिलिमीटर, साधारण तितके मीटर लांब गेलं की दाणे डोळ्यांत मिसळून चित्र सलग दिसतं. हे मी आबांना सांगितलं, ही माझी चूक झाली. त्यांनी मला पडद्याकडे तोंड करून उलटं चालायला लावलं. दाणे दिसेनासे झाले की थांब म्हणाले. मी मागं मागं जात गुरांच्या हौदात बसलो. आबा हसले नाहीत. त्यांनी पावलं मोजली, पत्रिकेवर लिहिली आणि हौद धरून की सोडून, असं विचारलं. मी मोठा पडदा, पाच मिलिमीटरवाला, गळ्यात मारायला गेलो होतो. पण पहिली रांग तीन मीटरवर बसणार होती. आबा म्हणाले, अडीचचा आण, भले लहान असू दे. मोठ्या अक्षरात खोटं लिहिलं म्हणून ते खरं होत नाही.

डाव्या कोपऱ्याचं प्रकरण असं, की त्या गावात बायका सभेला खुर्चीवर बसत नाहीत. डाव्या भिंतीशी सतरंजी टाकून खाली बसतात. शेतात निम्मं काम त्या करतात, पण आम्ही आराखडा काढतो तो खुर्च्यांचा. आबांनी मला त्या कोपऱ्यात मांडी घालून बसवलं आणि पडद्याचे नमुने एकामागून एक लावले. तिरकं आणि खालून पाहिल्यावर एकावर हिरवा रंग तांबूस झाला, दुसऱ्यावर फिकट पडला. माझं वय तेव्हा बेचाळीस आणि गुडघे साठीचे. उठताना अक्कानं हात दिला. तिसऱ्या कंपनीचा नमुना तिरका पाहूनही रंग धरून होता, तोच पुढं घेतला.

सभागृहाच्या पश्चिमेला नुसती जाळी होती, दुपारचं ऊन थेट आत. मी म्हटलं, आबा, मग बाहेरचा, जास्त उजेडाचा पडदा घ्यावा लागेल. ते म्हणाले, "उन्हाशी काहून भांडतो? जाळीले किंतान लाव." गोणपाटाचं किंतान लावलं आणि प्रश्न मिटला. इतका सोपा तोडगा मला सुचला नाही याचं शेठना वाईट वाटलं, कारण बाहेरच्या पडद्यात आमचा फायदा जास्त असतो.

एकदा ते जळगावला आमच्या मेहरूणच्या दुकानात आले, फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून. दुकानात पाच पडदे एकदम चालू. आबांनी आत पाऊल टाकलं, डोळे मिटले आणि सरळ बाहेर गेले. समोरच्या लिंबाच्या झाडाखाली जाऊन पाच मिनिटं वर पाहत राहिले. मला वाटलं भोवळ आली. मी पाणी घेऊन धावलो. तर म्हणाले, जिलबी खाऊन चहा पिल्यावर चहा गोड लागतो का? तसं आहे. आधी डोळे झाडावर धुवायचे, मग पडदा पाहायचा. दर पडद्याआधी ते बाहेर जाऊन आले. पाच पडद्यांना दुपार गेली. दुसरी तीन गिऱ्हाइकं आम्हाला वेड्यांचं दुकान समजून निघून गेली.

आणि धुळ्याचा किस्सा तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. दोन वर्षं वापरलेला पडदा दाखव, म्हणून त्यांनी हट्ट धरला. आम्ही धुळ्याच्या एका मंगल कार्यालयात बसवलेला होता. गेलो तर लग्न चालू. मी म्हटलं, परत येऊ. आबा तोवर वऱ्हाडात घुसलेले. पडद्यावर नवरीचा चेहरा मोठा करून दाखवत होते. आबा समोर उभं राहून, मान तिरकी करून पाहायला लागले, आणि नवरीच्या मामाला म्हणाले, "भाऊ, बठ्ठं ठीक शे, पण पोरगीचा डावा गाल निळा दिसू राह्यला." मामानं पाहिलं, मग चार जणांनी पाहिलं, मग सगळ्या मांडवाला दिसायला लागलं. पडदा लहान लहान चौकोन जोडून बनतो. तिथला एक चौकोन मधे बिघडला होता आणि आम्हीच दुसऱ्या खेपेच्या मालातला बसवला होता. दोन खेपांचे दिवे एकसारखे नसतात. मी पंगतीच्या मागं तोंड लपवलं. आबांना मात्र त्या मामानं आग्रहानं जेवायला बसवलं. जेवून आल्यावर त्यांनी पत्रिकेवर लिहिलं: जादा चौकोन आधीच घेणे, एकाच वाफ्यातली रोपं.

अखेर पडदा बसला. अडीचचा, एकाच खेपेचा, वर दहा चौकोन राखीव. आबांनी पूर्ण दिवस रंग जुळवण्यात घालवला. एका हातात हरण्याचं पान, एका हातात जस्ताचं, आणि मी लॅपटॉपवर उजेड, लाल, हिरवा, निळा असे आकडे खाली-वर करत होतो. संध्याकाळी त्यांनी सगळे आकडे पत्रिकेवर लिहून नियंत्रण पेटीवर चिकटवले आणि मंडळासमोर सांगितलं, या भिंतीवर जे दिसंल ते खरं माना. पडदा मंद दिसत होता. मंडळाचे अध्यक्ष, तरणे, उत्साही गृहस्थ, माझ्या कानात म्हणाले, एवढं करून हे? याच्यापेक्षा माझा टीव्ही चमकतो.

पुढच्या श्रावणात हरण्या आला. तज्ज्ञाचं व्याख्यान ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी सभागृहात अध्यक्षांच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता, आणि आबा शिंदखेड्याला जुन्या सहकाऱ्याच्या उत्तरकार्याला गेले होते. अध्यक्षांनी मला बोलावलं. म्हणाले, एका दिवसासाठी जरा उजळ करा, पाव्हणे काय म्हणतील. मी थकलेलो होतो, वाद घालायची ताकद नव्हती, आणि खरं सांगतो, मलाही तो पडदा एकदा झळाळताना पाहायचा होता. मी उजेड वाढवला, रंग वाढवले. लोक वा वा म्हणाले. परत आकडे खाली आणायचे, तेवढ्यात धुळ्याहून फोन आला की तिथला पडदा काळा पडलाय. मी निघालो. पारोळ्याजवळ मला आठवलं. गाडी बाजूला घेतली, दोन मिनिटं बसलो. अध्यक्षांना फोन करून आकडे सांगावेत, हेही मनात आलं. मग म्हटलं, एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय. आणि गाडी पुढं काढली.

व्याख्यान झालं. तज्ज्ञ दाखवत होता, हे काढा, हे ठेवा. पण भडक रंगात दोन्ही पानं सारखीच पिवळीधमक दिसली. डाव्या कोपऱ्यात बसलेल्या अक्कालाही तशीच दिसली. घरी जाऊन तिनं पडद्यावर दिसलं तसं पिवळं दिसलेलं प्रत्येक रोप उपटलं. नऊ ओळी. सगळं जस्त होतं, एकही हरण्या नव्हता. आबांची एसटी वाटेत बंद पडली होती. ते संध्याकाळी पोचले, तेव्हा बांधावर रोपांचा ढीग सुकत पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सभागृहात पोचलो, तो आबांच्या आधी. कुणी पाहायच्या आत आकडे पूर्वीसारखे केले. तासाभरानं आबा आले, पडदा लावला, पान धरलं, बाहेर जाऊन झाडावर डोळे धुऊन आले, पुन्हा धरलं. रंग अगदी जुळत होता. अध्यक्षांना विचारलं, तर ते म्हणाले, तुम्ही लावलं तसंच होतं. मला विचारलं. मी म्हटलं, मी धुळ्याला होतो. हे खोटं नव्हतं, आणि खोट्याहून वाईट होतं.

दोन दिवसांनी मंडळाची सभा झाली. आबा उभे राहिले आणि म्हणाले, "रंग मी जुळवले. मले ते बरोबर दिसतात, तुम्हाले चुकीचे दिसले. म्हणजे माझ्या डोळ्यात खोट आहे. आता कोणी मले पान दाखवू नका." मी चौथ्या रांगेत बसलो होतो. उठून दोन वाक्यं बोलायची होती. अध्यक्ष माझ्याकडे पाहत होते, गावातली पुढची कामं त्यांच्या हातात होती. मी खाली मान घालून बसलो. लाज वाटत होती, तरी बसलो.

पाचेक आठवड्यांनी अक्काचा फोन आला. आबा घराबाहेर पडत नाहीत, त्यांना जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव म्हणाली. माझ्या नऊ ओळी गेल्या त्याचं सोड, असंही म्हणाली. मी आबांना घेऊन आलो. डॉक्टरांनी सगळं तपासलं, रंगांच्या ठिपक्यांची चित्रं दाखवली. आबांनी एकही चुकवलं नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात असे डोळे क्वचित पाहायला मिळतात. आबा जिना उतरता उतरता म्हणाले, यंत्राले काय कळते.

खाली बाकावर मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. साखरपुडा, पारोळा, सकाळी गुपचूप बदललेले आकडे, सगळं. आबांनी विचारलं, "हिरवा किती केला होता?" मी आकडा सांगितला. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि पुन्हा ठेवून दिली.

मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सभेत बोलला असता, तर नऊ ओळींवर भागलं असतं," ते म्हणाले. "त्याच्यानंतर तिघं आले माझ्या दारी पान घेऊन. मी पाह्यलं नाही. परत पाठवले." मग उठून टोपी नीट केली. "गाडी काढ."

सावद्याच्या पुढं पाऊस भुरभुरायला लागला. गावात शिरल्यावर घरी न जाता त्यांनी गाडी ओढ्याकडच्या एका मळ्यावर घ्यायला लावली. तिघांतला पहिला शेतकरी तिथं रोपांना खत देत होता. आबांना पाहून तो हात पुसत बांधावर आला. आबांनी माझी ओळख करून दिली नाही, नुसतं म्हणाले, "बोल." मी त्या माणसासमोर पुन्हा सगळं बोललो. त्यानं ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि आबांना म्हणाला, चला, बागेत चला.

आबा पहिल्या ओळीत शिरले. आता ते पान तोडत नव्हते, हातात धरत नव्हते. नुसते चालत होते आणि बोट दाखवत होते. हे काढ, हे काढ, हेही काढ. तो माणूस मागून उपटत होता. एकट्यानं त्याला उरकेना म्हणून मीही वाकलो आणि उपटायला लागलो. पाच आठवड्यांपूर्वी आबांनी पान पाहिलं असतं, तर तिथं दोन-चारच रोपं गेली असती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ओळ संपेपर्यंत आबांच्या तोंडून "राहू दे" फक्त दोनदा आलं.